सहीखालची ओळ

क्रिकेटचा सामना असला की चर्चगेट स्टेशनाबाहेर माणसांचा लोंढा वानखेडेकडे वळायचा. त्याच दिवशी हॉकीचाही सामना असला, तर त्या लोंढ्यातून पाच-पन्नास माणसं अलगद बाजूला व्हायची आणि बॉम्बे हॉकी असोसिएशनच्या मैदानाची वाट धरायची. त्या पाच-पन्नासांत माझे वडील असायचे, आणि त्यांचं बोट धरून मी. अण्णा पश्चिम रेल्वेत कारकून होते. शाळेनंतर त्यांनी स्वतः कधी स्टिक हातात धरली नव्हती, पण मैदानाच्या कडेला उभं राहण्यात त्यांनी आयुष्याचे इतके शनिवार घालवले की आमच्या घरी ‘आज कुणाची मॅच?’ हा प्रश्न ‘आज भाजी काय?’ इतक्या सहज विचारला जायचा.

हॉकीपटूंच्या सह्या गोळा करायला मी लागलो तो १९८२ साली, चौथीत असताना. विश्वचषक मुंबईत होता. २९ डिसेंबर १९८१ला सुरू झालेली ती स्पर्धा १२ जानेवारीपर्यंत चालली. त्या पंधरवड्यात पाच-पन्नासांचं ते मैदान गच्च भरलेलं असायचं. अंतिम सामन्यात पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३-१ असं हरवलं आणि आपण पाचवे आलो. पण मुंबईच्या पोरांच्या तोंडी नाव होतं पाकिस्तानच्या हसन सरदारचं. चेंडू त्याच्या स्टिकला दोऱ्याने बांधलाय की काय, असं वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी, सामना संपल्यावर, मुलांचं मोहोळ हसन सरदारभोवती उठलं. माझ्या हातात शाळेची दुरेघी वही होती. मी त्या मोहोळात शिरायला निघालो, तर अण्णांनी खांदा धरला. लांब कडेला एक गोरा खेळाडू स्वतःच्या बॅगेवर बसला होता. ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, बूट स्वच्छ. म्हणजे तो खेळलाच नव्हता. अण्णा म्हणाले, “तो एकटा बसलाय. त्याला विचार.”

मी वही पुढे केली. त्याने आधी हात पँटला पुसला, मग बॉलपेनने सही केली. वही परत देताना त्याने ती मिटून, दोन्ही हातांनी दिली. परतीच्या गाडीत अण्णांनी खिशातलं शाईचं पेन काढलं आणि त्या सहीखाली एक ओळ लिहिली. खेळाडूचं नाव, देश, तारीख, कुणाविरुद्ध, काय निकाल. रेल्वेच्या खातेवह्यांत घोटलेलं त्यांचं बारीक, सरळ अक्षर. ओळीच्या शेवटचे दोन शब्द तेवढे मला आठवतात: ‘आज बाकावर’.

तेव्हापासून तीच आमची पद्धत झाली. सही खेळाडूची, ओळ अण्णांची.

पुढची तेवीस-चोवीस वर्षं मी सह्या जमवल्या त्या बहुतेक अशाच, मोठ्या स्पर्धा गेल्यानंतर उरलेल्या मैदानावर. आगाखान कप १८९६पासूनचा, कोलकात्याचा बेटन कप त्याच्याही एक वर्ष आधीचा. इतक्या जुन्या स्पर्धा, पण दुपारच्या साखळी सामन्यांना माणसं मोजता यायची. एअर इंडिया, इंडियन एअरलाइन्स, पंजाब पोलीस, सीमा सुरक्षा दल, रेल्वेचे संघ, बँकांचे, पेट्रोलियम कंपन्यांचे. खेळाडू म्हणजे कुठल्या तरी खात्यातले नोकरदार. सामना संपला की नळावर तोंड धुवायचं, किटबॅग खांद्याला लावायची, स्टिका बगलेत, आणि स्टेशनाच्या दिशेने चालू पडायचं. त्यांना गाठायला दोर, पोलीस, पास यातलं काही आड येत नसे. वडापावच्या गाडीशी उभ्या असलेल्या ऑलिम्पियनची सही मी घेतली आहे. त्याने आधी वडापाव माझ्या हातात धरायला दिला.

‘सही? माझी?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की हॉकीच्या सह्यांची सुरुवातच त्याने होते असं म्हणावं. क्रिकेटपटूंच्या सह्या जमवणारे माझे मित्र आहेत. त्यांच्या छंदात धावणं आहे, ताटकळणं आहे, हुकलेल्या सहीची हळहळ आहे. त्यांची चिकाटी मला मान्य आहे. माझ्या वाट्याला आली ती वेगळी गोष्ट. सही मागितल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा बदलताना मी पाहिला. रेल्वेच्या एका संघातला बॅक, म्हणजे बचावपटू, तिशी उलटलेला. अनेक वर्षं खेळून पहिल्यांदाच कुणी सही मागत होतं. त्याने पेन घेतलं आणि विचारलं, “पूरा नाम लिखूं?” आणि त्याने पूर्ण नाव लिहिलं, खाली गाव, पोस्ट, जिल्ह्यासह.

हॉकीची सही घेण्याचे काही अडथळे आहेत ते मात्र या खेळाचेच. हल्लीचं मैदान म्हणजे कृत्रिम हिरवळ. चेंडू सरळ आणि वेगाने धावावा म्हणून ती सामन्याआधी पाण्याने भिजवतात. त्यामुळे खेळाडू मैदानाबाहेर येतो तो चिंब. डाव्या हातात ग्लोव्ह, उजव्या तळव्याला स्टिकच्या पकडीचे घट्टे, कोपरापासून पाणी ठिबकतंय. वहीचं पान मऊ पडतं, बॉलपेन कागदात रुततं. म्हणून मी खिशात एक जुना पंचा ठेवतो. आधी पंचा द्यायचा, मग वही. चेंडूवर सही हवी तर तो कोरडा करून घ्यावा लागतो, नाहीतर मार्करची शाई त्या बारीक खळग्यांत पसरते. जुन्या तुतीच्या लाकडाच्या स्टिकवर शाई मुरायची. आताच्या कार्बन आणि फायबरच्या स्टिकवर ती नुसती वर बसते, आणि अंगठा घासला तरी निघून येते. तिथे रंगाचा मार्करच लागतो.

सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात छान सही मिळते ती गोलरक्षकाची. पॅड, किकर, हातावरची ती जाड ढाल, हेल्मेट, हे सगळं उतरवायला त्याला वेळ लागतो. बाकीचे आंघोळीला गेले तरी तो पट्टे सोडत बसलेला असतो. बोलायला मोकळा असतो. गोलरक्षक आणि सही यांचं नातं तसं जुनं आहे. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं. तो एक गोल झाला कसा, याचा किस्सा हॉकीवाले पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. आपला गोलरक्षक रिचर्ड अॅलन त्या वेळी गोलच्या मागे उभा राहून प्रेक्षकांना सह्या देत होता म्हणे! हा अॅलन जन्माने नागपूरचा. १९२८च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताने २९ गोल केले आणि एकही घेतला नाही, त्या संघाचा गोलरक्षक हाच. आपल्याला तो गोल सही मागायला आलेल्या कुणा हौशी माणसामुळे बसला, हे मला फार लोभस वाटतं. त्या माणसाच्या वहीत अॅलनच्या सहीखाली काय लिहिलं असेल, याचा मी कितीदा तरी विचार केलाय.

आता ओळीचं महत्त्व. अण्णा ती लिहायचे ती सवयीने, कारकुनाच्या हाताला नोंदीशिवाय चैन पडत नाही म्हणून, असं मला लहानपणी वाटायचं. मोठेपणी संग्रह नीट लावायला बसलो तेव्हा कळलं की आपल्या हॉकीत ओळ नसेल तर सही मुकी होते. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकच्या भारतीय संघात तीन बलबीर सिंग होते. एक रेल्वेचा, एक पंजाबचा, एक सेनादलाचा. त्याच संघात गुरबक्ष सिंगही दोन. आणि या साऱ्यांच्या आधीचे, सर्वांत थोर, बलबीर सिंग सीनियर, ज्यांनी १९५२च्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सवरच्या ६ पैकी ५ गोल एकट्याने केले. एखाद्या जुन्या कागदावर नुसतं ‘बलबीर सिंग’ असलं, तर ते कोण, कुठले, कोणत्या सामन्यानंतरचे? कागद गप्प.

नोंदी ठेवण्याच्या बाबतीत आपण करंटे आहोत, आणि हे मी रागाने लिहितो आहे. धनराज पिल्ले आमच्या पिढीचा सर्वांत लाडका फॉरवर्ड. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळायला शिकलेला. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, १९९८ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार. सव्वातीनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने. त्याने देशासाठी एकूण गोल किती केले? अधिकृत आकडा नाही, कारण कुणी मोजलेच नाहीत. क्रिकेटमध्ये रणजी खेळलेल्या अकराव्या नंबरच्या फलंदाजाच्याही धावा सापडतात. धनराजच्या गोलांसाठी अंदाज सांगावा लागतो, १७०च्या आसपास. माझ्या वहीत धनराजची सही आहे. ज्यांच्यापुढे सह्या मागणाऱ्यांची रांग असे, अशा थोड्या हॉकीपटूंतला तो एक. त्या सहीखाली अण्णांनी त्या दिवशीचे त्याचे गोल लिहून ठेवलेले होते. निदान त्या एका सामन्यापुरते तरी ते मोजले गेले होते.

१९४८ची गोष्ट अण्णा फार आवडीने सांगत. स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण, १२ ऑगस्ट, लंडनचं वेम्बली, समोर ब्रिटन, निकाल ४-०. त्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी व्हाझ अशी गोव्याकडची आडनावं होती. वांद्र्याच्या शाळांत आणि जिमखान्यांत तेव्हा हॉकी घराघरातली होती. अण्णा म्हणायचे, ही माणसं वांद्र्याच्या बाजारात पिशवी घेऊन फिरताना दिसतील, कुणी ओळखणार नाही. त्यांतल्या कुणाचीही सही आम्हाला मिळाली नाही. अण्णांच्या मनात त्याचं शल्य होतं. ‘या रविवारी जाऊ’ म्हणत म्हणत आम्ही गेलो नाही.

अण्णा २००१ साली गेले. नंतरच्या सह्यांखालच्या ओळी मी लिहू लागलो, बॉलपेनने, आणि माझं अक्षर त्यांच्याशेजारी पाहवत नसे.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. वह्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात होत्या, कारण जड वस्तू खाली ठेवाव्यात अशी घरातली शिस्त. पाणी रात्रभर घरात होतं. दुसऱ्या दिवशी खण ओढला तर तो लाकूड फुगून अडकला. हातोडीने फोडून वह्या काढल्या.

पुढचे आठ दिवस वीज नसताना, नंतर पंख्याखाली, मी आणि बायकोने एकेक पान टिपकागद घालून सोडवलं. पाच वह्यांपैकी दोन अगदी लगदा झाल्या होत्या. बाकीच्यांत मी जे पाहिलं ते तेव्हा समजायला थोडा वेळ गेला. बॉलपेनच्या सह्या जवळजवळ जशाच्या तशा होत्या. ती शाई तेलकट, पाण्यात विरघळत नाही. आणि त्यांच्या खाली, जिथे अण्णांची ओळ होती, तिथे निळसर ढग. शाईच्या पेनची शाई पाण्यात गेली होती. पानामागून पान तेच. वर सही, खाली ढग.

माणसं राहिली आणि ती कोण होती हे वाहून गेलं.

कितीतरी सह्या मी नंतर ओळखून काढल्या. जुनी कात्रणं, संघांच्या याद्या, इतर संग्राहकांकडच्या सह्या, म्हाताऱ्या पंचांची आठवण. धनराजची ओळखायला कष्ट नव्हते, पण त्या दिवशीचे गोल गेले ते गेलेच. आणि पहिली सही, १९८२ची, ती अजून पहिल्या पानावर आहे. एक मोठं वळण, दोन उभ्या रेघा, शेवटी खाली ओढलेला फराटा. संघांच्या याद्या शेजारी ठेवून मी ती अक्षरांत बसवून पाहिली, भिंगातून पाहिली. बसत नाही. त्याचं नाव जगात फक्त एका ठिकाणी या सहीला जोडून लिहिलेलं होतं, आणि ते ठिकाण आता निळा ढग आहे.

पावसाला मी बोल लावत नाही. बलबीर सिंग सीनियर यांनी १९८५ साली मेलबर्न ऑलिम्पिकचा आपला कर्णधाराचा ब्लेझर, पदकं आणि दुर्मिळ छायाचित्रं होऊ घातलेल्या क्रीडासंग्रहालयासाठी देऊन टाकली. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांतलं काही प्रदर्शनासाठी हवं होतं, तेव्हा विचारलं तर कुणालाच काही सापडेना. २५ मे २०२०ला ते गेले, तोवर ते परत मिळालं नव्हतं. तिथे पूर आला नव्हता.

त्या पुरानंतर मी ओळ शिसपेन्सिलीने लिहितो. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, उन्हाने उडत नाही, कागद टिकेल तेवढी टिकते. जुनी कागदपत्रं सांभाळणारी जाणती माणसंही पेन्सिलच वापरतात. वह्या आता माळ्याजवळच्या वरच्या फळीवर, आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत. सह्यांना लॅमिनेशन करू नये, उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही खराब होतात. सेलोटेप तर नकोच, दहा वर्षांत तो पिवळा पडून पान घेऊन निघतो. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि कसर लागू नये म्हणून दर दिवाळीला पान न् पान उलगडून झटकणं. हा दिवस मला सणासारखाच वाटतो.

वह्या नव्याने लावताना आणखी एक गोष्ट दिसली, ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो. १९८२पासून पुढच्या तेरा-चौदा वर्षांच्या पानांत एकाही मुलीची सही नव्हती. एकही नाही. १ डिसेंबर १९८२ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने आपल्याला ७-१ असं हरवलं, तेव्हा आमच्या घरी रात्री कुणी जेवलं नव्हतं. त्याच स्पर्धेत आपल्या महिलांनी सुवर्ण जिंकलं होतं. कर्णधार एलिझा नेल्सन. त्याचे पेढे आम्ही वाटले नाहीत. त्याआधी १९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये, जिथे महिलांची हॉकी पहिल्यांदाच खेळली गेली, आपल्या मुली चौथ्या आल्या होत्या. रेखा मुंडफन, मार्गारेट टोस्कानो, सेल्मा डिसिल्वा, रूपा सैनी, प्रेममाया सोनीर. महिलांचेही सामने होत होतेच, आणि वही माझ्या दप्तरात होती. मी गेलो नाही, कारण तो मुलींचा सामना होता. अण्णांनीही कधी नेलं नाही. बाकावरचा एकटा माणूस ज्यांना लांबून दिसला, त्यांना हे दिसलं नाही. टोकियोत २०२१ साली मुली पुन्हा चौथ्या आल्या, ब्रिटनशी हरून मैदानावर रडल्या, तेव्हा साऱ्या देशाबरोबर मीही रडलो. पण माझ्या वहीतली ती कोरी वर्षं त्याने भरत नाहीत.

म्हणून गेली काही वर्षं मी मुद्दाम मुलींच्या सामन्यांना जातो. आमचं बिऱ्हाड आता पुण्यात आहे, त्यामुळे बालेवाडी आणि नेहरूनगरचं मैदान जवळ पडतं. महाराष्ट्राच्या मुलींच्या हॉकीत सातारा जिल्ह्याचा, त्यातही फलटण भागाचा, मोठा वाटा आहे. अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ या तिघी तिथल्याच, शेतकरी घरांतल्या, भारतापर्यंत पोहोचलेल्या. मागच्या हिवाळ्यात राज्य पातळीवरचा मुलींचा एक सामना पाहायला गेलो होतो. प्रेक्षकांत खेळाडूंचे आईबाप, दोन-चार शिक्षक आणि मी.

सामना संपल्यावर सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीला गाठलं. पंधरा-सोळा वर्षांची असेल. दोन वेण्या भिजून खांद्याला चिकटलेल्या. मी पंचा दिला, मग वही. तिने तो प्रश्न विचारलाच, “माझी?” मग वही गुडघ्यावर ठेवून, शाळेच्या वळणदार अक्षरात, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं लिहिलं, हजेरीपटावर असतं तसं. वर शिरोरेघ एका झटक्यात ओढली. सही अशी तिने अजून ठरवलेलीच नव्हती.

मी तिच्यासमोरच पेन्सिल काढून खाली ओळ लिहिली. तारीख, बालेवाडी, निकाल, दोन गोल. ती वाकून वाचत होती.

“काका, दुसरा माझा नाही,” ती म्हणाली. “मी फक्त पास दिला होता. डिफ्लेक्शन तिचं होतं, शेवटी स्टिक तिची लागली. नोंद करणाऱ्यांना उशिरा सांगितलं, म्हणून कागदावर माझंच नाव लागलं.”

पेन्सिल तिने माझ्या हातातून घेतली. ‘दोन’ एका रेघेने खोडलं, वर ‘एक’ लिहिलं, आणि शेजारी, जागा पुरेना म्हणून समासात उभं, मैत्रिणीचं पूर्ण नाव लिहिलं. मग बसकडे बोट दाखवलं. सात नंबरची एक मुलगी बूट हातात घेऊन, अनवाणी पायाने पायरी चढत होती.

“तिची घ्या ना,” ती म्हणाली. “लवकर जा, बस सुटेल.”

मी वही उघडीच धरून निघालो.